फुले आणू नयेत

दुकानावर पाटी अजून तीच: थर्कल अँड सन.
तो सन म्हणजे मी.
मला झाली एक मुलगी, आणि ती ड्रम वाजवते.

ग्रिम्सबीत गॅरेजं भाड्यानं मिळत होती,
पण साऱ्यांना मासळीचा वास.
म्हणून वेरिटीनं माझ्या मागच्या शेडमध्ये,
शवपेट्यांच्या फळ्यांना टेकवून, ड्रम मांडले.
माझी अट एकच: आत कुणी पाहुणा निजला असेल
तर त्या दिवशी तालीम बंद.
नेमकी त्या हिवाळ्यात फ्लूची साथ.
तीन आठवडे पोरं कुजबुजत गाणी रचत बसली.
त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं,
ज्यावर आता हजारो घसे फाटतात,
ते त्या कुजबुजीतलं.

गायचा लेटन स्क्रिमशॉ. अंगावर मांस नाही,
कोट आजोबांचा, बाह्या बोटांच्या खाली.
गिटार तौफीकची. बापाच्या करीच्या दुकानात
मध्यरात्रीपर्यंत कांदे चिरून यायचा,
त्याच्या डोळ्यांना वेगळं काही लावावं लागत नसे.

नाव त्यांनी माझ्याच टेबलावरून उचललं.
पेपरात द्यायच्या मजकुराची शेवटची ओळ:
नो फ्लॉवर्स.
कृपया फुले आणू नयेत.
मला विचारलं नाही. मीही बिल लावलं नाही.

मग एक दिवस माझी पेटी गायब. रंगाची पेटी.
मेण, पावडर, ओठांपुरता जरासा गुलाबी;
तीस वर्षं जिच्यातून मी लोकांना
शेवटचं माणसात आणलं,
ती तोंडाला फासून पोरं पबच्या माडीवर उभी.
मी तावातावानं जिना चढलो.
अकरा माणसं होती. त्यातली दोघं डार्ट खेळत होती.
दुसऱ्याच गाण्याला लेटनचा चेहरा विरघळायला लागला,
काळं गालावर, पांढरं कॉलरवर.
खाली उतरताना मी म्हटलं, बाळांनो,
हा रंग थंड कातडीचा आहे.
घाम येणाऱ्याला तो लागत नाही.
पोरं हसली. म्हणाली, ओघळ राहू देत.

पुढं लीड्समध्ये, मग लंडनमध्ये
मुलंमुली तेच ओघळ घरून काढून यायला लागली,
आरशापुढे बसून, बारीक ब्रशनं.

जुनी शववाहिका मी त्यांना देऊन टाकली.
मागं अँप्लिफायर, मधे तौफीक आडवा झोपलेला.
मोटरवेवर कुणी त्यांना ओव्हरटेक करेना,
म्हातारे टोप्या काढायचे,
आणि प्रत्येक शहरात ही मंडळी उशिरा पोचायची.
एका मासिकानं लिहिलं: मृत्यूचे भाट.
मी ते कात्रण खिळ्याला अडकवलं,
त्याखाली वीजबिल.

लेटनची आई मासे पॅक करायची. मार्चमध्ये गेली.
मी तिला तयार केलं. तो ग्लासगोहून
रातोरात आला आणि दारातच थांबला.
चार वर्षं रोज रात्री थडग्यांवर ओरडलेला मुलगा,
उंबरा काही ओलांडवेना.
धुतलेला चेहरा. मला आधी ओळखूच आला नाही.
तिथूनच म्हणाला,
ओठांना काही लावू नका. ती लावायची नाही.
मी पुसलं.
मग पेपरचा कागद बराच वेळ हातात धरून बसला,
शेवटच्या ओळीवर पेन.
मिस्टर थर्कल, या वेळी
येऊ देत ना फुलं?

आली. हलहून, डॉन्कास्टरहून, कुठून कुठून,
काळ्या कपड्यांतली कोवळी पोरं,
पेट्रोल पंपावरच्या कार्नेशनच्या जुड्या घेऊन,
किंमतीची चिकटपट्टी तशीच.
कशी धरायची हे कुणाला ठाऊक नाही,
झाडूसारखी खाली लोंबत.

बादल्या संपल्या. किटल्या संपल्या.
वेरिटीनं मोठ्या ड्रमचं कातडं सोडवलं,
तो उभा करून त्यात पाणी ओतलं, उरलेली फुलं कोंबली.
म्हटलं, गळेल.
म्हणाली, गळू दे.

रात्रभर गळत होता.
मी दोनदा उठून फडकं लावलं,
तिसऱ्यांदा नाही.